मध्येच वायर उपटणारे काका

"गुम्मिडिपूंडीला फोनची लाइन रोज तुटते, मग इथं का नको तुटायला?" आमच्या मैलापूरच्या ऑफिसातलं नेटवर्क सांभाळणारे काका मॅनेजरना विचारत होते. डेमो ऐन रंगात, फाइल येत असताना त्यांनी मोडेमची वायर उपटली होती.

गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यातल्या कॉम्प्युटरशी फोनवरून जोडून देणारं सॉफ्टवेअर निवडायचं होतं, आणि काकांनी त्याची घेतलेली परीक्षा ही एवढीच. एरवी मोडेम किंचाळायला लागला की ते मान कलती करून ऐकतात आणि तंजावुरी हेल काढून मला सांगतात, "लागणार मा," किंवा "अय्यो, नाही लागणार." बहुतेकदा बरोबर निघतं. मी नुसती हसते.

वायर परत लावली. "बघा, जोडलं गेलं! फाइलही पोचली," विक्रेता म्हणाला.

"उगाच खोळंबा केलात," मॅनेजर काकांवर वैतागले. "हेच घेऊ या."

काका कानाची पाळी चोळू लागले. पुढे फाइली अडल्या की बोलणी त्यांनाच बसणार होती.

फाइल माझ्या कॉम्प्युटरवर उतरली होती. मी ती उघडली. शेवटची ओळ मध्येच संपत होती.

मीटिंगमध्ये मी कधीच बोलत नाही. घसा खाकरला, तर सगळे माझ्याकडेच बघायला लागले.

"सर, फाइल अर्धीच आलीय. हे नको घ्यायला."