दाराआडचा अल्बम

माझी आणि धडधड्याची भिंत एक. हे नाव त्याला इमारतीने दिलं. नेमकं कुणी दिलं ते सांगत नाही, स्वतःच्या तोंडाने स्वतःचं कौतुक मला करवत नाही.

माणूस चाळिशीचा, शिडशिडीत. दिवसभर चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, आणि बोटांवरची पांढरी पूड तशीच घेऊन घरी यायचं. घरी आला की कॉम्प्युटरवर नाचायची गाणी करायला बसायचा. त्या गाण्यांत गाणारं कुणीच नसतं, सगळं मशीन वाजवतं, आणि पोरं हात वर करून उड्या मारतात. हा स्वतः मात्र कधी नाचलेला नाही. मी एकदा छेडलं तर म्हणाला, "वहिनी, सुतार काय प्रत्येक खुर्चीवर बसून बघतो का?"

घरात तो आणि त्याची ताई. शाळेची बस चालवून तिनेच याला लहानाचा मोठा केला. गेल्या हिवाळ्यात बसच्या पायरीवरून ती घसरली, पाय मोडला, आणि प्लास्टर घालून आतल्या खोलीत पडून राहिली. धडधड्याचा दुसरा अल्बम त्याच दिवसांत झाला.

पहिल्या अल्बमने माझ्या कपाटातल्या बशा नाचवल्या होत्या. म्हटलं, आता काय कपाटच चालत येणार. पण या वेळी भिंतीतून वेगळंच काहीतरी झिरपायला लागलं. लांबच्या पाण्यावरून यावं तसं, मऊ, मध्येच चमकून विरणारं. अर्धवट घडी केलेली चादर हातात धरून मी उभीच राहायचे. आमचे हे विचारायचे, "चादरीशी काही बोलणं चाललंय का?"

अल्बम बाहेर पडला आणि लोकांचे अभिप्राय यायला लागले. ते स्वतः वाचायचं त्याच्या जिवावर यायचं. म्हणून फोन माझ्या हातात दिला.

"वहिनी, चांगलं तेवढं वाचा."

"चांगलं तेवढंच वाचायचं तर मी आल्या पावली परत जाते."

मग म्हणाला, वाचा सगळं. मी वाचलं. 'कानात टाचण्या टोचल्यासारखं होतं.' 'बेस कुठे गेलाय, सुट्टीवर?' 'हे लावून नाचायला उभा राहिलो आणि शेवटी भांडी घासून टाकली.' 'आधीचा अल्बम केलेल्या माणसाला परत बोलवा.' एकाने लिहिलं होतं, 'सारखं वाटतं की खरं गाणं पलीकडच्या खोलीत चाललंय आणि आपल्याला तिथे घेतलेलं नाही.'

मला काही कळेना. टाचण्या कुठल्या? हेच गाणं ऐकत मी चादरी धरून उभी होते.

तेवढ्यात हॉलवाला आला. जुन्या गोदामाचा त्याने नाचाचा हॉल केला होता. शनिवारी सूर्य मावळताना उद्घाटन होतं, आणि धडधड्या तिथे अख्खा नवा अल्बम वाजवणार होता. बाहेरच्या पाटीवर त्याचं नाव लागणार होतं. जन्मभर मागच्या खोलीत बसलेल्या माणसाला त्या पाटीचं काय वाटत असेल, हे वेगळं सांगायला नको. येता-जाता ती रिकामी पाटी बघून यायचा तो.

"लोक मला तोंडावर विचारतायत," हॉलवाला म्हणाला. "पहिल्यासारखं दणदणीत करून द्या. शनिवारच्या आत. नाहीतर मला दुसरा बघावा लागेल."

तो गेल्यावर मी हेडफोन मागितला, कानाला लावला आणि लगेच काढला.

"भाऊजी, हे ते नव्हेच. माझ्या खोलीत येतं ते निराळं."

"तेच आहे."

असं म्हणाला खरा, पण नजर ताईच्या खोलीच्या दारावर गेली आणि तिथेच राहिली. मग मटकन खुर्चीत बसला.

झालं होतं ते असं. ताईला वारा सोसायचा नाही, म्हणून दार कायम ओढलेलं. पडून पडून ती कंटाळायची, म्हणून हा इकडे गाणं चालू करायचा, आत जायचा, दार ओढायचा आणि तिच्या पलंगाच्या कडेला बसून ऐकायचा. "आता कसं वाटतं?" "जरा धूसर आहे रे." की बाहेर येऊन बारीक आवाज वाढवायचा. "आता घुमतंय फार." की बेस, म्हणजे खालचा जाड आवाज, कमी. लाकडी दार बारीक आवाज गिळतं आणि बेस तेवढा सोडतं, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. पण समोर ताई होती. एकाच माणसाच्या डोळ्यांचा नंबर काढून त्याने सगळ्या गावाचे चष्मे बनवले होते.

"मग सोपं आहे," मी म्हटलं. "गावाचा नंबर काढा."

तो बसला दुरुस्तीला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वाटी परत द्यायला गेले. वाटी माझीच होती, पण ते जाऊ दे. हेडफोनमध्ये गाणं आता ठणठणीत झालं होतं. त्याने खात्री करायला स्पीकरवर लावलं, तशी आतून हाक आली.

"अरे, कुठलं गाणं बिघडवतोयस?"

तो दार उघडून उंबऱ्यात उभा राहिला. "तेच आहे, ताई. दुरुस्त करतोय."

"मोडलं होतं कधी?"

"लोकांना आवडलं नाही."

"लोक कुठे बसून ऐकतात?"

"कुठेही. कानात घालून."

"मग त्यांना कसं कळणार? मी इथे डोळे मिटते, तू ते लावतोस, आणि ही खोली हळूच निघते बघ. नाव किनाऱ्यावरून सुटते ना, तशी. पाय कुठे आहे, प्लास्टर कुठे आहे, पत्ताच नाही. पडल्या पडल्या नाचते मी. आता हे लावलंयस त्यावर नाचले तर चिखलात पाय रुततायत."

तो बाहेर आला, दुरुस्त केलेलं सगळं पुसून टाकलं आणि हॉलवाल्याला फोन लावला.

"आहे तसंच राहील. हो. माहीत आहे. पाटीवर दुसऱ्याचं टाका."

फोन ठेवला. मग अल्बमखाली त्याने एक ओळ लिहिली: 'शेजारच्या खोलीत लावा, मधलं दार ओढून घ्या आणि पडून ऐका.'

पुन्हा अभिप्राय आले. मी वाचत होते, ताई पलंगावरून ऐकत होती. 'गाणं ऐकायला आता घर बदलू का?' 'माझ्याकडे खोली एकच. फोन कपाटात कपड्यांखाली ठेवला आणि जमिनीवर पडलो. आता ते कपाट उघडवत नाही.' 'बायको म्हणाली वेड लागलंय तुला, आणि बाजूला येऊन पडली.' 'न्हाणीघरातून ऐकलं. पाणी गार होऊन गेलं, कळलंच नाही.' फार नव्हते. शिव्या देणारे अजूनही जास्तच होते.

शनिवारी ऊन उतरताना ताई कुबड्या घेऊन पहिल्यांदा बाल्कनीत आली, मागोमाग धडधड्या. मी माझ्या बाल्कनीत दोरीवरचे कपडे काढत होते, म्हणजे काढून झाले होते, तरी उभी होते. आकाश फिकट जांभळं झालेलं. कौलांवरून, टाक्यांवरून, वाळत घातलेल्या कपड्यांमधून गोदामाकडची धडधड येत होती, इतकी मऊ होऊन की जणू कुणीतरी झोपेत श्वास घेतंय.

"कोण वाजवतोय?" ताईने विचारलं.

"आहे एक. नवीन आहे." त्याने तिकडे कान दिला. "चांगलं करतो."

"इथून तरी चांगलं वाटतंय. जाऊन येतोस जवळून?"

"नको. पाटी वाचावी लागेल."

ताईने त्याच्याकडे पाहिलं नाही. कुबडी कठड्याला टेकवली आणि मान किंचित कलती करून डोळे मिटले.

"उभी राहू नकोस," तो म्हणाला, "हे आता बराच वेळ चालेल," आणि खुर्ची आणायला आत गेला.