माझ्याच मरणाची तार

यंत्रांचं आणि माझं कधी जमलं नाही. तारखात्यात उभा जन्म काढलेल्या माणसाने असं म्हटलं की लोक हसतात. हसोत बापडे. लग्नात मला खिशातलं घड्याळ मिळालं होतं. ते माझ्या खिशात असलं की बंद पडायचं आणि धाकट्या भावाने नुसतं हातात घेतलं की टिकटिकायला लागायचं. घासलेटच्या दिव्याची काच आईने पुसली तर वर्ष वर्ष टिके, मी पुसली की तडकलीच. शेजाऱ्यांकडे शिवणयंत्र आलं तेव्हा सगळी आळी बघायला लोटली होती. मी फक्त चाकाला हात लावला आणि सुई मोडली. त्या शेजारीणबाई पुढे मला पाहिलं की यंत्रावर धडपा टाकत.

अशा माणसाला ठाण्याच्या तारघरात नोकरी लागली, कारण इंग्रजी बरं होतं आणि वडील कलेक्टर कचेरीत जन्मभर कारकून होते. पोस्टाला लागून एक अरुंद खोली होती. तिला एकच खिडकी. टेबलावर यंत्र, टेबलाखाली मोरचुदाच्या पाण्याने भरलेल्या बरण्या. त्या बरण्यांतून वीज यायची म्हणे. यायची तेव्हा यायची. खाडीच्या खाऱ्या हवेने तारांच्या टोकांना हिरवा गंज चढायचा, बरण्यांत मुंग्या पडायच्या, एकदा तर दोन तारांवर पाल आडवी पडून मेली आणि तासभर मुंबईचा आवाज बंद झाला. वाईट एवढंच की हे सगळं माझ्याच पाळीत व्हायचं. संध्याकाळी पाच वाजता दुसरा तारबाबू येऊन त्याच खुर्चीत बसला की तेच यंत्र गरीब गाईसारखं चालायचं. त्याचा मला इतका राग यायचा की मी त्याच्याशी धड बोलत नसे.

भिंतीवर इंग्रजीत नियम लावलेले होते. बदली माणूस आल्याशिवाय यंत्र सोडून उठेल त्याला कामावरून दूर केलं जाईल, हा एक. जाणूनबुजून खोटी तार पाठवणं हा गुन्हा आहे, हा दुसरा. मी ते रोज समोर बघत असे, त्यामुळे पाठच झाले होते.

बायको तेव्हा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, कल्याणला गेलेली होती. आठवा महिना होता. तिच्या माहेरापासून दोन गल्ल्या सोडून माझे सख्खे मामा राहत. सोयरीक त्यांनीच जमवली होती.

एके दिवशी सकाळी आडावर तोंड धुताना माझी नजर समोरच्या कुंपणावर गेली आणि दोन कावळ्यांचं जे पाहू नये ते पाहिलं. पाहिलं ते पाहिलं, वर गाढवासारखं हसत आईला जाऊन सांगितलं. तिच्या हातातलं पातेलं खाली पडलं. कावळ्यांचा संग जो पाहतो तो सहा महिन्यांत मरतो, असं आमच्यात पक्कं मानत. त्यावर तोड एकच. तो माणूस मेला असं जवळच्या नातलगाला खोटंच कळवायचं. नातलगाने ते खरं मानून रडलं पाहिजे. खरी आसवं पडली की मरण फसतं आणि परत जातं. मग लगोलग दुसरं पत्र धाडायचं की माणूस सुखरूप आहे, चिंता नसावी. आमच्या आजोबांसाठी असं एकदा केलं होतं आणि ते पुढे तीस वर्षं जगले, हे आई मला न्याहारी होईपर्यंत चार वेळा सांगत होती.

मला वाटलं, पत्र लिहितील, दोन दिवस सगळे रुसतील, संपलं. पण वडिलांना आपण नव्या काळाचे आहोत असं फार वाटे. साडेनऊच्या सुमाराला ते स्वतः तारघरात आले. डोक्याला पागोटं, हातात दोन कागद. दोन्हींवर मामांचं नाव. पहिल्यावर माझं निधन झाल्याची बातमी, दुसऱ्यावर ती खोटी असल्याची.

"ही आत्ता. आणि ही अर्ध्या तासाने," ते म्हणाले. "तेवढ्यात रडणं होतंच."

मी हळू आवाजात म्हणालो, "बाबा, ही कल्याणातच आहे. मामा तिच्या घरी गेले तर?"

"अर्ध्या तासात कोण कुठे जातंय? आधी माणूस खाली बसतो. आणि पत्राला दोन दिवस लागतात, तारेला अर्धा तास. उलट तिच्यासाठी तारच बरी."

"खोटी तार पाठवणं गुन्हा आहे."

"मग कोणाला सांगू नकोस." एवढं बोलून ते थांबले, आणि मग खालच्या आवाजात म्हणाले, "तुझ्या आईने सकाळपासून पाणी घेतलेलं नाही."

त्यांना नाही म्हणायची मला सवय नव्हती. पंचवीस वर्षांचा घोडा झालो होतो तरी नव्हती. मी पहिला कागद पुढे ओढला आणि माझ्या मरणाची बातमी माझ्याच हाताने पाठवली. त्या दिवशी यंत्र काय चाललं! एक अक्षर अडखळलं नाही. कल्याणच्या बाबूने एका दमात घेतली आणि पोचपावती दिली. तो मला ओळखत नव्हता, नावावरून काही कळायचं कारण नव्हतं. वडील समाधानाने मान हलवून घरी गेले.

अर्धा तास मी घड्याळाकडे बघत बसलो. मग दुसरी तार घेतली, यंत्राच्या दांडीवर बोट ठेवलं आणि दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. नुसती लाकडाची खटखट. कल्याण मुकं, मुंबई मुकी, सगळं मुकं.

तोंडचं पाणी पळालं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी टेबलाखाली शिरलो. बरण्या हलवून पाहिल्या, तारांची टोकं सोडली, खरवडली, पुन्हा बसवली. गंज काढला. पितळेचे स्क्रू एकेक करून पिळले. उठून दाबलं, मुकं. पुन्हा खाली. धोतराला मोरचुदाचे निळे डाग पडले, कपाळ टेबलाला आपटलं. एकदा मी यंत्राला शिवी दिली, एकदा हात जोडले. दोन्हींचा परिणाम सारखाच झाला.

अकरा वाजून गेले. पोस्टाचा शिपाई कोर्टाकडच्या तारा वाटायला गेलेला, तो दीडशिवाय येत नसे. शेजारच्या खोलीत पोस्टमास्तर होते. मध्ये एक दार, तेही उघडं. त्यांना जाऊन सांगायचं काय? की मी मेल्याची खोटी तार मीच पाठवली, आता मला ती खोडायला कल्याणला जायचंय? पोटात दुखतंय म्हणालो असतो तरी भागलं असतं. ते मला त्या दिवशी सुचलं नाही. सुचलं असतं तरी बोललो असतो का, कोण जाणे.

बाराची कल्याणकडची गाडी होती. स्टेशन दहा मिनिटांच्या वाटेवर. पावणेबाराला मी खुर्ची मागे सरकवली आणि उभा राहिलो. मग भिंतीवरचा नियम पाहिला. वाटलं, आता दोन मिनिटांत यंत्र चालू होईल आणि मी नेमका नसेन. पुन्हा बसलो. बारा वाजून गेल्यावर गाडीची शिट्टी ऐकू आली. मी दांडीवर बोट ठेवून तसाच बसून होतो. खोलीत इतकं उकडत होतं की कागदावर घामाचे थेंब पडले आणि वडिलांची शाई पसरली.

दोनला मामा आले. साठी ओलांडलेला, कमरेतून वाकलेला माणूस, उपाशीपोटी गाडीने ठाण्याला आला होता. आधी घरी गेले. आईने दारातच पायांवर डोकं ठेवून सगळं सांगितलं. तिथून ते तडक माझ्याकडे आले. खिडकीतून हात आत घालून त्यांनी माझा दंड चाचपला, दोनदा. मग तोच हात उचलून माझ्या थोबाडीत मारली. आणि मग खिडकीच्या चौकटीला डोकं टेकून ते रडले.

"दुसरी तार का नाही आली रे?"

"यंत्र बंद पडलं, मामा."

"मी निघताना तुझ्या सासरी सांगून आलोय."

मला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "कोणाला सांगितलंत?"

"तुझे सासरे भिवंडीला गेलेत. घरात बायकाच होत्या. सांगायला नको का? मला काय ठाऊक तुमचे हे चाळे?"

"तिला कळलं?"

मामांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "ऊठ. कोलशेतच्या बंदरावर होडी असते. भरती लागली आहे. पाचपर्यंत कल्याणच्या धक्क्याला पोचशील. गाडी साडेपाचाशिवाय नाही."

"तुम्ही जाल का?"

"मी जाऊन काय सांगू? सकाळी मेला म्हणून सांगून आलो, दुपारी जिवंत म्हणून सांगू? त्यांना वाटेल म्हातारा भ्रमला. तू दिसायला हवास. तूच."

मी नियमाकडे बोट दाखवलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी वाचून अर्थ सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि काठी टेकत आमच्या घराकडे निघून गेले. मी जाळ्यात सापडलेल्या उंदरासारखा त्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत हिंडत होतो. दार उघडं होतं, हे इथे नोंदवून ठेवतो.

पाचला बदली बाबू आला. मी ओरडून म्हणालो, "सकाळपासून बंद आहे!" त्याने टोपी खुंटीला लावली, बसला, दांडी एकदा दाबली. कल्याण बोललं. त्याने माझ्याकडे पाहिलं. "चालू आहे की," तो म्हणाला.

काय बिघडलं होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी दुसरी तार त्याच्यापुढे टाकली आणि स्टेशनकडे पळालो. ती तार मामांच्या घरी पोचली आणि सकाळची वाचून दाखवणारा शेजारी घरी नव्हता म्हणून देवापुढे ठेवली गेली.

दिवेलागणीच्या आधी मी सासरच्या दारात उभा होतो. ओटीवर शेजारपाजारच्या बायका होत्या. एकीने किंकाळी फोडली. सासूबाई बाहेर आल्या, मला पाहून मटकन खाली बसल्या, मग उठून माझ्या पायांकडे बघू लागल्या, ते सरळ आहेत की उलटे. मी कावळ्यांचं सगळं सांगितलं. कावळे म्हटल्याबरोबर सगळ्यांना पटलं. कोणी रागावलं नाही! एक म्हातारी तर म्हणाली, आसवं भरपूर पडली, आता शंभर वर्षं जगशील. कोणी साखर आणली, कोणी दृष्ट काढायला मीठमोहऱ्या. मला त्या बायकांचा तिटकारा आला आणि त्यांच्यात मीही आलो.

ती माजघरात होती. चारचौघांत नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती, म्हणून सासूबाईंनी सगळ्यांना ओटीवर नेलं आणि दार लोटून घेतलं. ती भिंतीला टेकून बसली होती. कपाळ पुसलेलं. हात मांडीवर उताणे, मनगटं मोकळी. तिच्या विधवा आत्याने बांगड्या फोडल्या होत्या, आणि काच लागून डाव्या मनगटावर दोन बारीक ओरखडे उठले होते. पोटातलं मूल हलतंय, एवढं सासूबाईंनी मला बाहेरच सांगितलं होतं.

ती रडत नव्हती. खाली बघतच तिने विचारलं, "तार कोणी पाठवली?"

"मीच. बाबांनी सांगितलं म्हणून."

"वाचून पाठवलीत?"

"हो. पण दुसरी लगेच येणार होती. यंत्र बिघडलं. मी दिवसभर खटपट केली, विचार कोणालाही. माझ्या हातात यंत्रं टिकतच नाहीत, तुला माहीत आहे."

"दिवसभर तिथेच होतात?"

"नोकरी गेली असती."

बाहेर बायका हसत होत्या. मग ती म्हणाली, "मी इथे तुमच्या नावाने रडत होते आणि तुम्ही खुर्चीत बसला होतात."

"अगं, यंत्र..."

"यंत्राला मी काय विचारू?" ती म्हणाली. "ते माझं कोण लागतं?"

मला लाज वाटली. इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती आणि पुढेही नाही. सकाळपासून मी ज्याच्या नावाने बोटं मोडत होतो ते लाकूड-पितळ ठाण्यात राहिलं होतं आणि इथे मी एकटाच तिच्यासमोर उभा होतो.

रात्री मी तिथेच राहिलो. सकाळी कासार आला. सासूबाईंनी हिरव्या बांगड्या निवडल्या. कासाराने तिचा हात हातात घेऊन एकेक बांगडी चढवली, ओरखड्यांवरून नेताना जरा जपून. ती भिंतीकडे बघत होती. मी समोरच बसलो होतो आणि माझी पाळी नऊला सुरू व्हायची होती. मी उठलो नाही. पोटात दुखतंय, एवढा निरोप सकाळच्या गाडीने जाणाऱ्या एका शेजाऱ्याबरोबर पोस्टमास्तरांना धाडला.

दोन दिवसांनी कामावर गेलो. पोस्टमास्तरांनी मान वर करून पाहिलं, पोट बरं आहे का विचारलं, आणि पुन्हा आपल्या कागदांत डोकं घातलं.