तव्यात होतं ते कोणाचं

तवा तापलेला होता. तो मला डोक्यावर घ्यायला लावला.

खाली ओलं गोणपाट होतं म्हणून टाळू वाचली. पण चालताना तवा कलला आणि त्यातली चरबी कानामागून मानेवर उतरली. ती पुसता आली नाही. दोन्ही हात गोणपाटाच्या टोकांतून तव्याला होते. मागून घरातली मोलकरीण शेणाचं पाणी घेऊन येत होती. मी पाऊल उचललं की तिथं सडा. पुढचं पाऊल उचललं की तिथं सडा.

हे कोरगावात झालं, भाटकाराच्या घरी. भाटकार म्हणजे जमिनीचा मालक. आमचं घर त्यांच्याच काजूच्या भाटात, म्हणजे बागेत, एका कडेला. दुसऱ्याच्या जमिनीत घर असलेल्या आम्हा लोकांना मुंडकार म्हणतात. गोव्याचं वेगळं राज्य झालं ते वर्ष. त्याचाच कार्यक्रम होता. झावळ्यांचा मांडव घातला होता, पेडण्याचे, डिचोलीचे मोठे लोक खुर्च्यांवर बसले होते. फाटकाकडे जायची वाट एकच, मांडवाच्या कडेनं. भर दुपारची वेळ. सगळ्यांनी बघितलं. कोणी नाकाला रुमाल लावला. कोणी हसलं. एकही माणूस उठला नाही.

मी महार. हे आताच सांगतो, म्हणजे पुढचं समजवून सांगावं लागणार नाही.

शाळा चौथीपर्यंत. ती पण शाळेच्या पडवीत बसून. मग पोर्तुगीज वेळेत म्हापशाला एका पाखल्याच्या, म्हणजे गोऱ्या साहेबाच्या कुजनीत भांडी घासायला राहिलो. कुजीन म्हणजे त्यांचं स्वयंपाकघर. भांडी घासता घासता रांधायला शिकलो. पाखले बैलाच्या मांसाचा चपटा तुकडा तव्यावर भाजत, त्याला बिफ म्हणत. आता हॉटेलवाले स्टेक म्हणतात. त्यावर चीज वितळवायचं आणि पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या कडक उंड्यात, गोल पावात, दाबून गरम गरम खायचं. एवढंच. काही मोठी विद्या नाही.

पाखले गेले. मी गावात आलो. भाटकाराचे धाकटे बाब, म्हणजे धाकटा मुलगा, डिचोलीला खाणीच्या धंद्यात होते. मुंबईला शिकलेले, लिस्बनला राहून आलेले. तिथं त्यांना ह्या उंड्याची चटक लागलेली. घरात मासे चालत, कधी मटण चाले, पण हे चालणं शक्यच नव्हतं. म्हणून घराच्या मागं, काजूबिया ठेवायच्या खोपटात एक चूल मांडली. आणि मला बोलावलं.

मी कारण विचारलं, "बाब, मीच कित्याक?"

ते हसले. "तुका कसलो विटाळ रे?"

मी पण हसलो तेव्हा. काम मिळालं होतं ना.

चीज थंड झालं की मेणबत्तीसारखं होतं. घशाखाली जात नाही. म्हणून बाबांना खोपटातच यावं लागे, तव्याजवळ. उभ्यानं खायचे, बोटं चाटायचे, म्हणायचे, "तुज्या हातांत जादू आसा." मग हात धुवायचे. मी तांब्याला शिवलेला चालत नसे, म्हणून पाणी त्यांचं ते घेत. मला चहा करवंटीत. माझ्या हातचं मांस पोटात जात होतं, आणि माझ्या हातचं पाणी हातावर चालत नव्हतं. हे असं वर्षानुवर्षं चाललं. मला त्यात काही चुकीचं दिसत नव्हतं असं नाही. पण पोटासाठी माणूस डोळ्यांना सांगतो, तू गप बस.

त्या काळात भाषेचं भांडण जोरात होतं. कोकणी की मराठी. रस्ते अडवायला झाडं आडवी पाडली होती. भाटकाराच्या घरातही दोन भाऊ दोन बाजूंना, जेवताना भांडायचे, मला खोपटात ऐकू यायचं. मी विचार करायचो, ह्यातली कुठली जिंकली तर माझी करवंटी जाईल? दोन्ही भाषांत माझ्या जातीला शब्द एकच होता. आणि दोन्ही भाऊ तो सारखाच उच्चारायचे.

त्या दुपारी धाकट्या बाबांनी भाषण केलं. माइकवरून. "आतां आमचें राज्य. आतां कोण वयर ना, कोण सकयल ना." वर कोणी नाही, खाली कोणी नाही. टाळ्या पडल्या. मी खोपटात मांस ठेचत होतो.

भाषण झालं आणि ते आले. गळ्यात झेंडूचा हार तसाच. "बेगीन दी, पोटांत आग पडल्या."

मी उंडो दिला. त्यांनी मोठा घास घेतला, चीजची तार मिशीला लागली. तेवढ्यात दारात त्यांची आई. म्हातारी भाटकान्न. पाहुणे निघायला लागले म्हणून लेकाला शोधत आली होती. बाबांनी चावलेला उंडो तव्यात टाकला. मिशी पुसली.

म्हातारीनं वास घेतला. तिला कळलं. बायकांना कळतंच.

"हें कोणाचें?"

बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"ताचें गे आई. शंभर दां सांगलां ताका, हांगा तसलें रांदूं नाका म्हणून. आयकना."

ताचें. म्हणजे त्याचं. म्हणजे माझं.

म्हातारीनं पदर नाकाला धरला. मला ओरडून म्हणाली, "उचल तें! डोक्यार घे आनी चल भायर! माज्या जमनीक तें लागूंक जायना."

मी बाबांकडे बघितलं. एक शब्द बोलले असते तर. ते हार सारखा करत होते.

तसा मी घरी आलो. डोक्यावर तवा, तव्यात मांस, मांसावर त्यांचा चावलेला उंडो.

माझी बायको आनंदी अंगणात झाडत होती. तिनं झाडू टाकला, तवा उतरवून घेतला. मान बघितली. कोरफड कापून लावली. मग तव्यातला उंडो उचलून उजेडात धरला, फिरवून फिरवून बघितला.

"ह्ये दात कोणाचे?"

"सोड गो."

"तुमचो फुडलो दात नाय. हंय तर सगळे दात आसत."

ती आणखी जवळ आली.

"तुमी तकडे सांगलास नाय, ह्यां कोणाचां तां?"

"सांगान कोण आयकतलो?"

"मी आयकतंय. माका सांगा. मोठ्यान सांगा."

मी सांगितलं. पहिल्यांदा पुटपुटत सांगितलं. ती म्हणाली, परत. मी परत सांगितलं. धाकट्या बाबांचं. त्यांनी सांगितलं म्हणून रांधलं. त्यांनी खाल्लं. दात त्यांचे. शेजारच्या अंगणात ऐकू जाईल इतक्या जोरानं सांगितलं. सांगताना माझी नजर भाटाच्या वाटेवर होती. माझ्याच अंगणात, माझ्याच बायकोसमोर खरं बोलताना कोणी येतंय का म्हणून बघत होतो, इतकं त्यांनी मला आतून पोखरलं होतं. ते त्या दिवशी समजलं.

आनंदीनं उंडो कुत्र्याला घातला. मग म्हणाली, "ज्याच्यासाठी तुमची मान भाजली तां माका खावचां आसा. गरम. तव्यारचां."

इतक्या वर्षांत तिनं ते कधी चाखलं नव्हतं. मी पण पूर्ण उंडो कधी खाल्ला नव्हता. मीठ बघण्यापुरतं नखाएवढं जिभेवर.

मानेची कातडी धरली तसा मी म्हापशाला गेलो. मांस आणलं, चीजचा डबा आणला. सकाळी पदेराकडून उंडे घेतले. आनंदी म्हणाली, चूल अंगणात मांडा. आत नको.

"लोक बघतले."

"बघूंदे."

मांस आडवं कापलं. वरवंट्यानं ठेचलं, फुटू दिलं नाही. लसूण, मिरी, मीठ, माडाचं व्हिनेगर. तवा तोच, त्यांच्या घरचा, बाटला म्हणून परत कोणी मागितला नव्हता. तो धूर सोडीपर्यंत तापवला. मांस टाकलं, चर्र झालं, आनंदी मागं सरली आणि हसली. खालची बाजू काळसर झाल्यावर परतलं. कडेला कांदा. मग चीज, वर झाकण, झाकणावर निखारे. उंडे फाडून त्याच चरबीत पालथे दाबले.

तेवढ्यात रस्त्यावर मोटार थांबली. धाकटे बाब. कुंपणापाशी उभे राहिले.

"कितें रे, येवंक ना तूं? म्हातारी विसरली सगळें. फाल्यां ये. मात्शें मागल्या वाटेन ये, फाटकांतल्यान नाका."

उद्या ये, पण मागल्या वाटेनं. मी चुलीपाशी बसलेलाच राहिलो. उठलो नाही. ते त्यांना खटकलं. पण वास त्यांच्यापर्यंत गेला होता. मान लांब करून तव्याकडे बघायला लागले. आवाज मऊ झाला.

"एक कागदांत बांधून दी बाबा. गाडयेंत खातां."

मी म्हटलं, "ह्यां कोणाचां बाब?"

"कितें?"

"तुमी आवशीक सांगलात, ह्यां त्याचां म्हणान. खरां सांगलात. माजांच तां. माजां तां माज्या घरात बसान खावचां लागतलां."

"फकाणां मारतां मरे?" मी थट्टा करतोय असं त्यांना वाटलं.

आनंदीनं ओटा पुसला. पाट मांडला. पितळी तांब्या भरून पाटाजवळ ठेवला. पदर सारखा करून म्हणाली, "येवा बाब. बसा. आदी पाणी घेवा."

ते तांब्याकडे बघत राहिले. रस्त्यावरून दोघं जण भारे घेऊन जात होते, ते थांबले. शेजारीण दारात आली. बाबांच्या तोंडाला पाणी सुटलेलं मला दिसत होतं, गळा हलत होता. चार पावलं होती. भाषणात ते ह्याहून लांब चालले होते.

त्यांचा चेहरा बदलला. "घर कोणाच्या भाटांत आसा तें विसरलो दिसता."

आनंदी म्हणाली, "मुंडकाराचो कायदो आयलो बाब. घर आमचां. तुमीच सांगलात मायकार, आता वयर कोण नाय, सकयल कोण नाय."

शेजारीण फस्सकन हसली. बाब मोटारीत बसले. दार इतक्या जोरात आपटलं की परत उघडलं, परत आपटावं लागलं.

आम्ही दोघांनी खाल्लं. गरम. ओठ भाजले. आनंदीच्या हनुवटीला चीज चिकटलं. तिनं सगळा उंडो संपवला, बोटं चाटली, आणि म्हणाली, "बरां आसा. पण इतक्यासाठी माणूस आवशीकडे खोटां बोलता? आनी दुसऱ्याची मान भाजता?"

मी उरलेला कांदा तिच्या पुढ्यात सरकवला.

पुढं काय झालं? जे होतं तेच. काजूच्या मोसमात आम्हाला कोणी बोलावलं नाही. विहिरीवर कुलूप आलं, आनंदी ओढ्यावर जायची. मी केरीकडं बांधकामावर लागलो, बेळगाव, कोल्हापूरकडचे गवंडी होते, त्यांच्यासाठी आमटी-भात रांधला. ते जात विचारायचेच, मी सांगायचो. काही उठून जायचे, काही बसायचे. मागल्या वाटेनं मात्र परत कुणाच्या घरात गेलो नाही. आनंदीनंही जाऊ दिलं नाही. उपास पडले तेव्हासुद्धा नाही. तिचं अंग त्यात झिजलं. हे मी गोड करून सांगणार नाही. सन्मानानं पोट भरत नाही, आणि ते तिला माझ्याआधी माहीत होतं. तरी बाबांसाठी मांडलेला पाट तिनं कधी मागं घेतला नाही.

आता ती गेली. पोटात गाठ होती. शेवटी पेजसुद्धा राहत नव्हती. उद्या तिचा बारावा.

मी ठरवलं, उद्या तिच्या नावानं तेच करायचं. मेलेल्या माणसाच्या आवडीचं ठेवतात. काल पुतण्या आला. शिकलेला, सरकारी नोकरीत. मला आधार देतो, वाईट मुलगा नाही. ओट्यावर बसला, इकडं तिकडं बघून हळू म्हणाला, "काका, फाल्यां माज्या हापिसातले लोक येतले. तां नको करू."

"तिका आवडायचां."

"मगे कर. पण कोणी विचारलां तर कोंबडी म्हणान सांग. काळ बदललो आसा काका, आता आमकां चार लोकांत उठूचां-बसूचां आसता."

"काळ बदललो तर लपवतंस कित्याक?"

तो चिडला. "तुका समजाचां नाय. माजीं पोरां लग्नाचीं आसत." चप्पल घालून गेला.

मला राग आला नाही त्याचा. त्याच्या डोक्यावर कोणी तवा ठेवला नाही. तो स्वतःच घेऊन फिरतो, झाकण लावून. चरबी त्याच्याही मानेवर उतरते आहे, त्याला वाटतं घाम आहे. बाबांनी खोटं बोलून मला पुढं केलं. आता आमच्याच पोरानं मला खोटं बोलायला सांगावं, तेही तिच्या बाराव्याला. म्हणजे भाटकाराचं राज्य कुठं गेलं? ते आमच्या घरात येऊन बसलं.

मी रात्रभर विचार केलेला नाही. विचार करण्यासारखं त्यात काही नाही.

उद्या चूल अंगणात. दार उघडं. पान मी वाढणार आणि पाणी मीच देणार. तव्यात काय आहे असं कोणी विचारलं तर सांगीन, बैलाचं मांस. कोणाचं, तर माझं आणि आनंदीचं. कोणी विचारलं नाही तरी प्रत्येकाला बसायच्या आधी सांगीन, म्हणजे नंतर कोणी म्हणू नये मला माहीत नव्हतं. पुतण्याच्या हापिसातल्या लोकांनाही सांगीन. पुतण्या आला नाही तर न येवो. एकही माणूस बसला नाही तरी चालेल, मी एकटा जेवीन.

ज्याला खोटं ऐकल्याशिवाय घास गिळत नाही, त्यानं माझ्या दारात येऊ नये.