मंगळवारचं बाकडं

ये, अशी जवळ सरक. दाराशी काय उभी राहतेस परक्यावाणी? माझ्या घरापुढून जाताना पावलं हळू करायची, आत डोकवायचं अन् मी बघितलं की पदर सावरून पुढं निघायचं, असं किती जणी करतात मला ठाऊक आहे. वेड्या गं तुम्ही सगळ्या. नवऱ्याला कावीळ झाली असती तर गल्लीभर औषध विचारत फिरला असतात. दारूचं मात्र ‘त्यांना बरं नाय’ एवढ्यावर भागवता, अन् मग एक दिवस माणूस हातातून जातो.

माझा मिलिंद जाता जाता राहिला. म्हणून हे लिहिते. मी शाळेत गेले नाय. ह्याच पोराच्या पुस्तकांतून अक्षरं शिकले. जशी बोलते तशीच लिहिणार, सांभाळून घे.

मोठ्या सरकारी दवाखान्यात आम्ही त्याला रिक्षातून नेलं तेव्हा मी केसपेपरवाल्याला सांगितलं होतं, ऊन लागलंय. मे महिना, विहिरी कोरड्या, सगळं शहर तव्यावाणी तापलेलं. पोराचे हात थरथरत होते, अंगाला घाम, डोळे लाल. घरी आम्ही कांदा हुंगवला, पन्हं पाजलं, ओल्या चादरीत गुंडाळलं. उतरेना.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली अन् म्हणाल्या, “आजी, ह्यांना ऊन लागलेलं नाही. ह्यांनी दारू कधी सोडली?”

मी मान ताठ करून सांगितलं, बुद्ध पौर्णिमेला. विहारात, सगळ्यांसमोर उभं राहून पाचवं शील घेतलं त्यानं, की दारूला शिवणार नाय. तेव्हापासून थेंब नाय घेतला.

“त्याआधी रोज?”

माझी सून सुजाता खाली बघून म्हणाली, “रोज. सकाळपासून.”

“म्हणूनच,” बाई म्हणाल्या.

त्यांनी मला समजावलं ते तुला सांगते, नीट ऐक. अल्कोहोल विथड्रॉवल म्हणजे रोज दारूची सवय लागलेलं शरीर, ती एकदम तोडली की खवळतं. त्याच्या पुढं गेलं की डेलिरियम ट्रेमेन्स. त्यात थरथर होते, ताप चढतो, नाय ते दिसायला लागतं, झटके येतात. वेळेवर आणलं नाय तर माणूस मरतो. शील चांगलंच होतं. बाई हसल्यासुद्धा नाहीत त्याला. फक्त म्हणाल्या, “शील घ्यायच्या आधी आमच्याकडं यायचं होतं. गोळ्या देऊन हळूहळू उतरवली असती. घरात कोंडून एकदम तोडायची नसते.”

आमच्या वस्तीत बाबा-भगताला कुणी विचारत नाय, त्याचा आम्हाला अभिमान. पण शील घेतलं की शरीरानंही ते ऐकायला पाहिजे, असं आम्ही धरून चाललो होतो.

त्याला वॉर्डात घेतलं. शिरेतून थायमिन दिलं. थायमिन म्हणजे एक जीवनसत्त्व, दारूनं ते खलास होतं अन् मेंदू भुकेजतो. झोपेची इंजेक्शनं दिली. तरी तो खाटेचा लोखंडी गज दोन्ही हातांनी पिळत होता. “आई, व्हॉल्व्ह उघडा राहिला, पाणी चाललंय सगळं.” सगळा दिवस तेच. आयुष्यभर कधी न केलेली काळजी तो त्या गजावर काढत होता.

व्हॉल्व्ह कसला, ते सांगते. मिलिंद पाण्याचा टँकर चालवायचा. दुष्काळाची ती सालं तुला आठवत असतील. शहर चहूबाजूंनी वाढत होतं, बीड बायपासपासून चिकलठाण्यापर्यंत जिथं बघावं तिथं इमारत, अन् एकीच्याही नळाला पाणी नाय. टँकरमालकांची चैन झाली. आमच्या मालकाचं नाव मी लिहिणार नाय. छापून आलं म्हणून पेढे वाटायचा तो. त्याची रीत अशी होती की भरायच्या जागी टँकर लागला की ड्रायव्हरच्या हातात दारूची चपटी. झोप येऊ नये, खेपा वाढाव्यात म्हणून. पोरं आनंदानं घ्यायची. आधी रात्रीच्या खेपेला घेतली, मग दिवसाच्या. मग खेप नसली तरी लागायची.

वॉर्डात एका दुपारी हा मालक आला. हातात थंड्याची बाटली. मला वाटलं, बघायला आला. त्यानं खाटेकडं मान वळवली नाय. टँकरची चावी मिलिंदच्या पँटीच्या खिशात राहिली होती, ती मागायला आला होता.

मी विचारलं, “माझ्या लेकराला दारू कुणी शिकवली?”

“मावशी, दारू मी पाजत नव्हतो. झोप येऊ नये म्हणून देत होतो. बाकीचे टिकलेच ना? ह्याचं शरीर कच्चं निघालं, त्याला मी काय करू?”

मी पँट झटकली, चावी काढून दिली. बाटली परत केली. तो जिना उतरेपर्यंत मी त्याच्या पाठीकडं बघत होते. मनात म्हणाले, तुझ्या एकेका टँकरवरनं एकेक माणूस उतरवीन. मग चालव तू स्वतः.

तो राग मला जेवणावाणी पुरला. त्याच्यावर मी पुढची सालं काढली.

सुटी देताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “शरीर शांत झालंय. आजार गेलेला नाही. खरे उपचार आता सुरू होतील, जागा नीट बघून निवडा.” जागा शोधायला मी निघाले, अन् आपल्या शहरात किती प्रकारची दुकानं आहेत ते तेव्हा कळलं.

भिंतीभिंतीवर जाहिरात होती, नकळत दारू सोडवा, पुडी भाजीत घाला. आमच्या नणंदेनं लासूर स्टेशनच्या बाजारातनं तशी पुडी आणलीसुद्धा. मी ती डॉक्टरीणबाईंना दाखवली. त्या रागावल्या. म्हणाल्या, असल्या पुडीत काय असतं कुणी सांगत नाही. दारूशी भांडणारं एक औषध असतं, पण ते रोग्याला सांगून, तपासून द्यावं लागतं. चोरून दिलं अन् वर तो प्याला तर जीव जाईल. पुडी तिथंच डब्यात टाकली.

मग शहराबाहेर एक केंद्र बघितलं. मोठी पाटी, हिरवं फाटक. फाटकाला आतून-बाहेरून कुलूप. मी विचारलं, डॉक्टर कधी येतात? तिथला माणूस म्हणाला, आमचे संस्थापकच सगळं बघतात. घरच्यांनी भेटायचं कधी? म्हणाला, भेटायचंच नाय, त्यानं मन कच्चं होतं. इथंही कच्चंच. एवढ्यात आतनं कुणाला तरी मारल्याचा आवाज आला. मी सुजाताचा दंड धरला अन् रस्ता गाठला. बाई, जिथं डॉक्टर नाय अन् आईला भेट नाय, तिथं गुरं ठेवू नये, माणूस ठेवायची गोष्ट सोड.

शेवटी ज्या दवाखान्यात त्याचा जीव वाचला, तिथंच मानसोपचार विभाग होता, हे कळायला आम्हाला एवढी पायपीट लागली. मानसोपचार म्हणजे वेड्यांचा, असं मिलिंद म्हणाला अन् रुसला. मी म्हणाले, टँकर नसताना व्हॉल्व्ह बंद करत होतास, ते शहाण्याचं लक्षण व्हय? तेव्हा पहिल्यांदा हसला.

दर मंगळवारी व्यसनाची ओपीडी असायची. व्हरांड्यात एक लांब लाकडी बाकडं. त्यावर मास्तर, हमाल, वकील, फुलंब्रीचे शेतकरी सगळे मांडीला मांडी लावून बसायचे अन् एकमेकांकडं बघायचे नाहीत. आत गोळ्या, मग समुपदेशन. समुपदेशन म्हणजे उपदेश नसतो गं, तो तर आपण घरी फुकट देतो. ते विचारतात अन् माणसाला बोलू देतात. सुजाताला वेगळं बसवायचे. ती पहिल्या दिवशी नुसती रडली. शिवाय संध्याकाळी एका शाळेच्या खोलीत दारू सोडलेल्यांची बैठक भरायची, तिथंही त्यांनीच पाठवलं.

पोरगा भरायला लागला. चेहऱ्यावर तेज आलं. अन् मालकानं माणूस पाठवला. खेपा तुंबल्यात, नुसता येऊन जा म्हणावं. सोबत चपटी. मिलिंद गेला अन् पिऊन आला.

त्या दिवशी मी अन्न शिजवलं नाय. मंगळवारी त्याला घेऊन गेले तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “ह्याला रिलॅप्स म्हणतात. घसरणं. ह्या आजारात होतं. घसरला तरी परत आलात ना, मग चालू ठेवू.” त्याला त्या एक शब्द टोचून बोलल्या नाहीत. पण मी बोलले. त्याला नाय. मालकाला, मनात.

दुसऱ्या दिवशी पिठलं-भाकरीचं गाठोडं बांधून मी टँकर भरायच्या जागी जाऊन बसले. ड्रायव्हर पोरं मला ओळखायची. मी उपदेश केला नाय. नुसतं विचारायची, तुझा हात सकाळी थरथरतो का रे? घोट घेतला की थांबतो का? देवगाव रंगारीचा रंगनाथ भाकरी मोडता मोडता थांबला. म्हणाला, मावशी, तुम्हाला कसं कळलं? पुढच्या मंगळवारी तो बाकड्यावर होता. त्याच्यामागं दुसरा. मग एकाची बायकोच त्याला हाताला धरून घेऊन आली.

मालकाचे टँकर उभे राहायला लागले. त्याच्या वॉचमननं मला फाटकातून हाकललं, तर मी फाटकाबाहेर बसले. रस्ता त्याच्या बापाचा नव्हता. उभ्या टँकरच्या सावलीत बसून भाकरी खाताना जी चव यायची, ती मला पुरणपोळीला आली नाय.

पण आमच्याच गल्लीतली एक जण रिकामा हंडा माझ्यापुढं ठेवून म्हणाली, “मथुराबाई, तुमचा सूड आमच्या हंड्यात दिसतोय बघा.”

तिचं खरं होतं. तहानलेल्यांशी माझं काय वैर? मग मी दुसरा टँकरवाला गाठला. त्याला सांगितलं, पोरं चांगली देते, पण चपटी नाय, चहा द्यायचा, अन् मंगळवार सोडायचा. ड्रायव्हर कुणालाच मिळत नव्हते, तो कबूल झाला. मिलिंद त्याचा टँकर चालवायला लागला. आमच्या गल्लीला पहिली खेप त्यानंच आणली. त्या बाईनं हंडा भरला अन् मला टोमणा मारायची विसरली.

डॉक्टरीणबाई हुशार. एकदा म्हणाल्या, “आजी, तुम्ही हे सगळं रागानं करताय. राग संपला की काय करणार?”

मी म्हणाले, “संपणार नाय, काळजी करू नका.”

त्यांचे उपकार मी ह्या जन्मात फेडू शकत नाय. घसरला तेव्हा त्यांनी दार लावलं असतं, तर आज मिलिंदच्या लेकीला शाळेत सोडायला बाप नसता. आता पाऊस बरा पडतो, इमारती आणखी वाढल्या, शहराचं नाव बदललं. बाकडं तेच आहे. मी अजून मंगळवारी जाते, नव्या बायांना केसपेपर कुठं काढायचा ते दाखवते.

अन् आता तुझ्याकडं येते. माझ्या दारापुढून जाणाऱ्या बायांत एक तू आहेस, मालकाची बायको. परवा दोनदा येऊन परत फिरलीस. का आलीस ते मला ठाऊक आहे. तुझा नवरा सही करतो तर पेन हलतो. उठल्या उठल्या घोट लागतो. त्याच्या जुन्या ड्रायव्हरांनीच सांगितलं. टँकर चालवायला माणसं उरली नाहीत तेव्हा उरलेल्या चपट्या त्यानंच संपवल्या.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? चुलीपुढं बसून हसले. सुजाता म्हणाली, आत्या, असं हसू नका. तरी हसले.

पण तू ऐक. त्याला कोंडू नकोस, शपथ घालू नकोस, एकदम तोडू नकोस. पुडी-बिडी आणू नकोस. मला तो मेलेला नकोय. मेला तर सुटला. मला तो त्या बाकड्यावर बसलेला बघायचाय. हातात केसपेपर, एका बाजूला रंगनाथ, दुसऱ्या बाजूला माझा मिलिंद, अन् नंबर यायची वाट बघतोय. त्याचं शरीर कच्चं निघालं, असं तिथं कुणी म्हणणार नाय. तेच त्याला जड जाईल. त्यानं पाणी मागितलं तर मी देईन. हात थरथरत असेल तर तांब्याही मीच धरीन, अन् तो पिईपर्यंत त्याच्या तोंडाकडं बघत राहीन.

माफ केलेलं नाय, हे त्याला सांग. अन् नंबर मी लावून ठेवते, हेही सांग.

तुझं माझ्याशी काही वाकडं नाय, पोरी. मंगळवारच्या आधी ये. गुळाचा चहा ठेवते, तू आधी मनमोकळी रड, मग आपण दोघी मिळून त्याला कसं न्यायचं ते ठरवू. दार उघडंच असतं. आता उंबऱ्यापर्यंत येऊन फिरू नकोस, लवकर ये.