उरलेले सहा दिवस

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. बेचाळीस वर्षांचा संसार, माझी एकही खोड तिच्यापासून लपली नाही. हे मात्र लपलं. सांगायचं म्हणून बसायचो आणि भलतंच काहीतरी बोलून उठायचो. आता ती नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — भित्र्याला असाच श्रोता परवडतो.

भित्रा म्हणालो, ते विनयानं नाही. माझी भीती दिसत नसे, एवढंच. मी चारचौघांत मोठ्यानं बोलायचो, कायद्याची कलमं पाठ म्हणायचो, धोतर-सदऱ्यातल्या म्हाताऱ्यांना “घाबरू नका, आम्ही आहोत” असं छातीठोक सांगायचो. आम्ही होतो कुठे, हा प्रश्न वेगळा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नागपुरात एका कायदा कचेरीत नोकरीला होतो. कचेरीचं नाव घेत नाही. दोष माझा आहे, तिच्या पाटीचा नाही. महापालिकेच्या वतीनं नोटिसा काढणं, खटले लढवणं हे आमचं रोजचं काम. पण साहेबांच्या डोक्यातून एक चांगली कल्पना निघाली होती — दर रविवारी सकाळी वस्तीत जाऊन लोकांना फुकट सल्ला द्यायचा. शाळेच्या ओसरीवर दोन टेबलं, मागे कापडी फलक, आणि समोर ही रांग!

आणि कामं होत होती, खोटं कशाला बोलू? एका घरमालकानं भाडेकरणीचा नळ बंद केला होता. आमचं एक पत्र गेलं आणि चौथ्या दिवशी नळ सुरू. राकेलवाला माप मारायचा, त्याच्या दुकानावर तपासणी लागली. लोक मला ‘वकीलसाहेब’ म्हणू लागले. मी वकील नव्हतो हो, कायद्याची परीक्षा दिलेला हंगामी सहायक होतो. पण रविवारी दहा ते एक मी वकीलसाहेब असायचो, आणि ते मला फार आवडायचं. सोमवारी कचेरीत परत फायलींचे बंद बांधत बसायचो.

या शिबिराचा एक अलिखित नियम होता. आपल्याच कचेरीच्या नोटिशीवर सल्ला द्यायचा नाही. साहेब एकदा चहा पिता पिता म्हणाले होते, “आपणच नोटीस काढायची आणि आपणच तिच्याविरुद्ध अर्ज लिहून द्यायचा? असा कोणी आला की पुढच्या रविवारी बोलवायचा.” आम्ही हसलो होतो. पुढं आमच्यात तो शब्दच पडला — एखादं प्रकरण ‘पुढच्या रविवारचं’ आहे म्हटलं, की सगळ्यांना कळायचं.

शेवंताबाईंचं प्रकरण पुढच्या रविवारचं होतं.

त्या विणकराच्या घरातल्या. महाल भागाच्या पलीकडे, नंदनवनकडे जाणाऱ्या अंगाला त्यांची वस्ती होती. नवरा केशवराव लुगडी विणायचे, त्या सुताच्या कांड्या भरायच्या. छप्पन साली दोघांनी इथंच, नागपुरात, बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. घर त्याच्याही आधीपासूनचं. रस्ता रुंद करायला त्यांच्या घरांची रांग काढायची ठरली होती आणि पंधरा दिवसांची नोटीस आली होती. पंधरा दिवसांत लेखी हरकत घ्यायची, नाहीतर घर पाडणार. ती नोटीस कोणी लिहिली होती, विचारा. मीच. मसुदा माझा, सही साहेबांची.

बाईंनी कागद माझ्यापुढं ठेवला.

“साहेब, आमचा माग खड्ड्यातला हाय. जमिनीत गाडेल. घर तोडलं त तो कुठी नेऊ?”

खड्ड्याचा माग तुम्ही पाहिला नसेल तर सांगतो. जमिनीत कमरेएवढा खड्डा, विणकर काठावर बसून पाय आत सोडतो, पायानं दाबायच्या पावड्या खाली असतात. चारी खुंट जमिनीत रोवलेले. खाट उचलावी तसा तो उचलून नेता येत नाही. घर गेलं म्हणजे हात गेले. बाईंना हे मला समजावून सांगावं लागलं नाही, एका वाक्यात कळलं. मला सगळंच कळत होतं, हीच तर अडचण आहे. नववा दिवस चालू होता. सहा दिवस उरले होते. एवढ्या जुन्या घराची लेखी हरकत आली की सुनावणी लावावीच लागायची, आणि सुनावणी लागली की काम थांबायचं. अर्ज अर्ध्या पानाचा. मी तो डोळे मिटून लिहिला असता.

मी म्हणालो, “घरातले सगळे जुने कागद गोळा करा आणि पुढच्या रविवारी या.”

पुढच्या रविवारी! मुदत शनिवारी संपत होती.

थांबा, याहून वाईट पुढं आहे.

साहेब त्या दिवशी शेजारच्या टेबलावर होते. मला कायम करण्याचा कागद त्यांच्याकडे सहीला पडून होता. हे कारण मी स्वतःला पुष्कळ वर्षं दिलं, आणि ते खरंही आहे. पण साहेब दहा मिनिटांत निघून गेले. शेवंताबाई तेव्हा शाळेच्या नळावर पाणी पीत होत्या. मधे वीस पावलं असतील. त्यांनी ओंजळीनं पाणी प्यायलं, तोंड पुसलं, नोटिशीची घडी पोलक्यात ठेवली, फाटकातून बाहेर पडल्या. मी बघत होतो. आमच्याबरोबरचा एक सहायक अशा माणसांना हळूच सांगायचा — “इथं थांबू नका, उद्याच कोर्टातला वकील गाठा.” एवढंच वाक्य. त्याला कोणी नोकरीवरून काढलं नाही. मग माझ्याच जिभेला काय झालं होतं? उठायला काय लागत होतं मला?

तो आठवडा मी नेहमीसारखा जेवलो, झोपलो. शनिवारी पाच वाजता कचेरी बंद होताना घड्याळाकडे पाहिलं, हे मात्र आठवतं.

रविवारी आम्ही टेबलं मांडायच्या आधीच नवरा-बायको ओसरीवर बसलेले. बाई आठवडाभर पळत होत्या. जुनं रेशनकार्ड, घरपट्टीच्या पावत्या, कळमेश्वरला भावाच्या पेटीत राहिलेला कसलासा कागद — तोही बसनं जाऊन आणलेला. सगळं एका फडक्यात बांधून माझ्यापुढं ठेवलं. पुरावा इतका पक्का होता की मलाच धडकी भरली. मी नोटीस उलगडली, जणू पहिल्यांदाच बघतो आहे असा चेहरा केला, बोटांवर दिवस मोजले. आणि म्हणालो —

“मुदत काल संपली. बाई, तुम्ही उशीर केला.”

हे ते वाक्य. नुसतं गप्प राहिलो असतो तर भ्याडपणा म्हणून खपलं असतं. मी गप्प राहिलो नाही. माझा उशीर मी त्यांच्या पदरात बांधला, तोही सल्ला दिल्याच्या आवाजात.

केशवराव बायकोकडे वळले. “काहून उशीर केला वं?” आवाज चढलेला नव्हता, पण रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. शेवंताबाई माझ्याकडे बघायला लागल्या. आता त्या बोलणार — साहेब, तुमीच त बलावलं होतं आज. मी वाट बघत होतो. खरं सांगू? बोलाव्यात असं वाटतही होतं. पण टेबलामागं बसलेला माणूस खोटं बोलेल हे त्यांच्या मनातच आलं नसावं. माझ्यावर अविश्वास दाखवण्यापेक्षा स्वतःला अडाणी ठरवणं त्यांना सोपं गेलं.

“मलेच समजलं नाही,” त्या म्हणाल्या, आणि कागद पुन्हा बांधायला लागल्या. गाठ बसेना. मी पुढच्या माणसाला बोलावलं.

पाडायच्या दिवशी फाइल माझ्याकडे म्हणून मलाच पाठवलं गेलं. मागावर लुगडं होतं, अर्धं विणलेलं. केशवरावांनी थोडा वेळ मागितला. मिळाला. त्यांनी कात्रीनं ते लुगडं स्वतःच कापून घेतलं, खुंट उपटले, आणि मग भिंत त्या खड्ड्यातच पाडली गेली. मी पंचनाम्यावर ‘विरोध झाला नाही’ असं लिहिलं. तेही खरंच होतं. पुढं कळलं, केशवराव शहराबाहेर वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमालीला लागले. पंचेचाळिशीतला माणूस, बोटांत सगळं कसब, आणि पाठीवर पोती.

मी त्याच महिन्यात कायम झालो.

सात-आठ वर्षांनी महालात भाजी घेत होतो. मागून हाक आली — “वकीलसाहेब!” शेवंताबाई होत्या. केस पांढरे झालेले, बरोबर सून. काढता पाय घ्यायचा विचार पहिल्यांदा मनात आला, हेही नोंदवून ठेवतो. त्यांनी सुनेला माझी ओळख करून दिली. “हे साहेब लय चांगले. आपल्यासाठी बसले होते वं कागद घेऊन, मीच उशीर केला.” सुनेनं मान हलवली, ही गोष्ट तिनं घरात अनेकदा ऐकलेली दिसत होती. केशवराव वारले होते. मग त्या हसल्यासारखं करून म्हणाल्या, “मरेपर्यंत बोलत राहिले मले — तुह्यानं माग गेला, तुह्यानं. खरंच हाय त्यायचं.”

तिथं माझ्याकडे सगळं होतं. साहेब निवृत्त झाले होते, नोकरी पक्की होती, मला कुणाचं काही भय उरलं नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं. पिशवीत वांगी होती, ती मी या हातातून त्या हातात घेतली.

त्यांनी हात जोडले. “माफ करजा साहेब. तुमाले दोन रविवार तरास देला.”

आणि मी काय म्हणालो असेन?

मी म्हणालो, “असू द्या बाई. होतं असं कधी कधी.”

म्हणजे, मी त्यांना माफ केलं.

शेवंताबाई वेळेत आल्या होत्या. सहा दिवस बाकी होते, ते मला माहीत होते आणि मी ते जाऊ दिले. हे त्यांना मी कधीच सांगितलं नाही. त्या आज हयात असतील असं वाटत नाही. असल्या तर अजूनही कुणाला तरी सांगत असतील, की चूक त्यांची होती.