पणजोबांचं सोडावॉटर

आमच्या घराण्यात कोणीही, कधीही मुंबईत सोडावॉटर विकलेलं नाही. हे एकदा जाहीर सांगून टाकतो, म्हणजे निदान लोणावळ्यात तरी तोंड दाखवायला जागा राहील.

मी इब्राहिम पेंटर. चाळीस वर्षं बाजारातल्या चिक्कीच्या दुकानांचे बोर्ड रंगवले. शेजारच्याने आजोबांच्या काळातलं स्थापनेचं साल टाकलं, की दुसरा धावत यायचा, "इब्राहिमभाई, आपलं पणजोबांच्या काळातलं टाका!" मी टाकायचो. खाली ‘आमची कुठेही शाखा नाही’ आणि कोपऱ्यात माझी सही. मग छापील बोर्ड आले आणि मी तुंगार्लीच्या घरात बसलो. तीन वर्षांपूर्वी सलमा, माझी बायको, गेली. मुलगा पुण्यात. त्याचा फोन ईदला यायचा, आणि एरवी विमा विकणाऱ्या पोरींचा. (त्यांच्याशीही मी अर्धा-अर्धा तास बोलायचो. शेवटी त्याच कंटाळून फोन ठेवायच्या!)

अशा माणसाला एका संध्याकाळी सहा वाजता नातीचा फोन आला. सना, मुलाची मुलगी, कॉलेजात इतिहास शिकते.

"आबा, राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या मुंबईवर प्रोजेक्ट आहे. तेव्हाचे धंदे आणि करमणूक. आपल्यातलं कोणी होतं का हो तेव्हा मुंबईत?"

खरं उत्तर एका शब्दाचं होतं. पण ते दिलं असतं तर ती ‘बरं’ म्हणाली असती आणि फोन ठेवला असता. दिवसभरात माझ्याशी कोणी बोललेलं नव्हतं. आदल्या दिवशीही नाही.

"होतं की!" मी म्हणालो.

"कोण?"

समोर टेबलावर सोड्याची बाटली होती. (मला गॅसेसचा त्रास आहे.) "माझे पणजोबा, करीमबक्ष! ग्रँट रोडला नाटकगृहाबाहेर सोडावॉटर विकायचे."

"काय सांगता! आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?"

मलाही आत्ताच कळलं होतं, पण ते बोललो नाही. सना चाळीस मिनिटं बोलली. दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा फोन. तिसऱ्या दिवशी पुन्हा! मी दुपारपासूनच कॉटवर पडून पणजोबांच्या आयुष्याची तयारी करू लागलो. सोमवारी ते रस्त्यावर गाडी लावून होते. घोड्यांची ट्राम थांबली की धावत जायचे. मंगळवारी मालकाने त्यांना नाटकगृहात घेतलं, गॅसच्या दिव्यांखाली बाटल्या फोडायला. बुधवारी राजाचं काम करणारा नट आजारी पडला आणि पणजोबा दाढी चिकटवून थेट स्टेजवर!

"त्यांना पाठ होतं सगळं?" सना.

"रोज ऐकून ऐकून झालेलं."

"वन्स मोअर मिळाला?"

"तीन! तेही मरायच्या प्रवेशाला. तीनदा मेले बिचारे."

शुक्रवारी मी हात टेकायच्या बेतात होतो, पण सना म्हणाली, "आणि मग?" हे दोन शब्द ऐकले की माझं डोकंच फिरतं. एका गोऱ्या साहेबाने मैदानावर मोठा फुगा आणला, तिकीट लावून लोकांसमोर उडवला, आणि पणजोबा सोड्याची पेटी घेऊन त्यात चढले.

"वर गेल्यावर बाटल्या फुटल्या नाहीत?"

"फुटल्या ना! म्हणून तर खाली आले."

शनिवारी मात्र ती म्हणाली, "मॅडमना पुरावा हवाय. मी कान्ह्याच्या आपाआजींना विचारते."

आपा म्हणजे माझी थोरली बहीण. मी तसाच उठलो आणि कान्हे गाठलं. आपा अंगणात लसूण सोलत बसली होती.

"आपा, सनाचा फोन येईल. आपले पणजोबा मुंबईत सोडा विकायचे म्हणून सांग."

"कुटं? आरं, आपल्या पणज्यानं ममई सपनात बी बघितली न्हाई! हितंच गवत कापायचा त्यो."

"एवढं एकदा म्हण की."

"ह्या वयात खोटं बोलू व्हय? अल्लाला काय तोंड दावू? तुला लय हौस, तर तूच बोल!"

शेवटी फोनच उचलायचा नाही, एवढ्यावर ती कशीबशी राजी झाली. पण पुरावा राहिलाच. आणि पुरावा नाही म्हणजे फोन नाही. आता मी पेंटर माणूस. बाकी कशाला हात घालणार? एक जुनी फळी काढली आणि जन्मात काढली नसतील इतकी सुंदर वळणदार अक्षरं काढली: ‘करीमबक्ष सोडावॉटर. साहेब लोकांच्या पसंतीचे.’ मग चहाचं पाणी ओतलं, पॉलिश पेपरने घासलं, धुरावर धरलं. चार दिवस खपलो. पाचव्या दिवशी ती फळी माझ्यापेक्षा म्हातारी दिसू लागली!

माळ्यावर पणजोबांचा बोर्ड सापडला, असं सनाला कळवलं, आणि त्या रविवारी ती मैत्रिणीच्या स्कूटरवर आली. मी सकाळपासून खिमा शिजवून ठेवला होता, शेवयाही केल्या होत्या. "आबा, उशीर झालाय, पुढच्या वेळी!" म्हणत तिने कापडात गुंडाळलेला बोर्ड उचलला, माझ्या गालाचा मुका घेतला आणि गेली. सगळी मिळून सात मिनिटं. तो खिमा मी तीन दिवस खाल्ला.

सोमवारी कॉलेजात प्रदर्शन होतं. अकरा वाजता माझा फोन वाजला.

"हॅलो, व्हिक्टोरिया राणीचा काळ का? दोन सोडे पार्सल!"

मी म्हटलं, राँग नंबर. तेवढ्यात दुसरा. "पणजोबा, फुग्यात रेंज येते का हो?" मागे पन्नास पोरं खिदळत होती. तिसऱ्याने विचारलं, "तुमची कुठेही शाखा नाही हे खरं का?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

बोर्डावर शेवटी मी सवयीने ‘आमची कुठेही शाखा नाही’ लिहिलं होतं. इथपर्यंत ठीक. पण कोपऱ्यात चाळीस वर्षांच्या सवयीने सहीसुद्धा केली होती: ‘इब्राहिम पेंटर’, आणि खाली मोबाईल नंबर! बरं, अख्खा बोर्ड घासला, तेवढा कोपरा तरी घासावा? छे! आपली सही कोणी आपल्या हाताने खराब करतं का? चहाचं पाणीसुद्धा मी तिथे लागू दिलं नव्हतं!

तीन दिवस फोन वाजत होता. आयुष्यात एवढे फोन आले नाहीत. आणि लाज सोडून सांगतो, पहिल्या दिवशी मला बरं वाटलं. एका पोराशी तर मी खारीच्या केसांच्या ब्रशबद्दलही बोललो. पण सहा वाजले, सात वाजले, सनाचा फोन काही आला नाही. मंगळवारी नाही. बुधवारी नाही. मी तिला करायला फोन उचलायचो आणि खाली ठेवायचो. काय बोलणार? पोरीचं हसं केलं मी, तेही तिच्या मॅडमसमोर.

गुरुवारी आला.

"आबा, खरं सांगा. त्यातलं खरं किती?"

"करीमबक्ष हे नाव खरं आहे."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं तुझा फोन यावा म्हणून," मी म्हणालो. एकदा सुटलं ते सुटलंच. "एकटं करमत नाही गं. तुझी आजी गेल्यापासून दिवस-दिवस तोंड उघडलं जात नाही माझं. तू ‘आणि मग’ म्हणायचीस, मला राहवायचं नाही. चुकलं माझं."

मला वाटलं, आता ठेवणार.

"तुम्ही नुसतं म्हणायचंत ना, सना, फोन कर," ती म्हणाली. आवाज ओला होता. मग नाक ओढलं आणि आजीसारखीच कडाडली, "मॅडमनी प्रोजेक्ट परत करायला लावलाय, कळलं? आता मी रोज सहाला फोन करणार. पण खरंच बोलायचं! एक थाप सापडली तर बंद."

"कबूल!"

दुसऱ्या दिवशी सहाला आला.

"काय केलंत आज?"

"वरण-भात खाल्ला."

"आणि मग?"

"झोपलो."

"आणि मग?"

"उठलो."

दोन मिनिटांत माझं सगळं खरं संपलं! रात्रभर घाबरलो. मग दुसऱ्या दिवशी सांगायला काहीतरी हवं म्हणून तुंगार्लीच्या तळ्यापर्यंत चालत गेलो. परवा कान्ह्याला जाऊन आपाच्या शिव्या खाऊन आलो. काल सोमाटण्यात एका बाईच्या वडापावच्या गाडीवर नाव रंगवलं, भर उन्हात, उकिडवं बसून. गुडघे सुजलेत, कंबर धरलीय, आणि उद्या कुठे जायचं ते अजून ठरलेलं नाही. खरं बोला, खरं बोला, असं सगळे सांगतात. पण त्याला एवढी तंगडतोड करावी लागते हे कोणी सांगितलं नव्हतं. थाप कशी, कॉटवर पडल्या पडल्या मारता यायची!