मोडक्या लॅपटॉपवरचे बाबा

लेक नोकरीसाठी पुण्याला गेली तेव्हा तिचा जुना लॅपटॉप माळ्यावर टाकून गेली. बिजागरी तुटलेली, पडद्यावर आडवी रेघ, बॅटरी तव्यावरच्या पोळीसारखी फुगलेली. बॅटरी मी आधी काढून टाकली. पण हल्लीच्या लॅपटॉपना नसतो तो सीडीचा कप्पा त्याला होता, आणि मला तेवढाच हवा होता.

इथे बडोद्यात गोरव्याच्या कारखान्यात जन्मभर यंत्रं दुरुस्त केली, पण कॉम्प्युटर म्हटलं की माझं डोकं फिरतं. फुकटात मिळणारी सिस्टीम घातली, तर वायफाय दिसेना. वायफाय दिसलं, तर झाकण मिटताच लॅपटॉप झोपी जाऊ लागला. नाकी नऊ आले. बायको म्हणाली, बाजारातून एक डबी आणा, टीव्हीला लावा आणि मोकळे व्हा. त्या डबीत जगाचे सिनेमे येतात, आमचे बाबा येत नाहीत, असं मी तिच्यावर खेकसलो. तिने डबीचा विषय सोडला, कारण हे कुणासाठी चाललंय ते तिलाही ठाऊक होतं.

आईसाठी चाललं होतं. आई विसरत चालली आहे. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण दिवेलागणीला ती दाराशी खुर्ची ओढून बसते आणि विचारते, हे अजून कसे आले नाहीत. सुरुवातीला आम्ही खरं सांगायचो. दर वेळी तिला ते नव्यानेच कळायचं आणि ती नव्याने रडायची. मग सांगणं सोडलं. फोटो हातात दिला तर ती तो पालथा घालून ठेवते. मला वाटलं, चेहरा नाही तर आवाज तरी ओळखेल आणि रोजचं हे वाट बघणं तरी थांबेल. याहून जास्त मी काही मागत नव्हतो.

बहिणीचं लग्न, कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीचा गरबा, रेल्वेतून बाबा निवृत्त झाले तो निरोप समारंभ, अशा सीडी घरात होत्या. काही ओरखडे पडून वाया गेलेल्या, बाकीच्या लॅपटॉपमध्ये भरल्या. लॅपटॉप टीव्हीच्या मागे उभा केला. मोबाइलवर बोट लावलं की टीव्हीवर बाबा. आतला पंखा घरघरत होता, पण चालत होतं. मला खरोखर आनंद झाला.

आईला आणून समोर बसवलं. निरोप समारंभात बाबा गळ्यात हार घालून उभे आहेत आणि कॅमेऱ्याकडे हात करून म्हणतात, "आवो, आवो, जमीने ज जजो." जेवूनच जा, असा त्यांचा नेहमीचा आग्रह. आईने पदर सावरला आणि परक्या माणसाकडे बघावं तशी अदबीने बघत राहिली.

दुसरी लावली, तिसरी लावली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर गुजराती, हा आमच्या घरचा रिवाज. कॅमेरा धरणारा नेहमी बाहेरचा, त्यामुळे कॅमेरा आला की बाबा आपोआप गुजरातीत शिरायचे. घरात कोण शूटिंग करतं? आमटीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुरणारे बाबा कुणी टिपलेच नाहीत. आणि आई साताऱ्याकडची. लग्न होऊन बडोद्याला आल्यावर शिकलेली गुजराती तिच्यातून सगळ्यात आधी गेली. शेजारच्या बेन अजूनही येऊन केम छो विचारतात, आई नुसती हसते.

मग मी हट्टाला पेटलो. बाबांचं मराठीतलं एक वाक्य तरी सापडावं म्हणून सगळं पुन्हा पाहिलं. बहिणीच्या पाठवणीत सापडलं. आई रडते आहे आणि बाबा वाकून तिच्या कानाशी काहीतरी सांगताहेत, चांगलं सविस्तर. ते आईशी दुसऱ्या भाषेत कधी बोललेच नाहीत, म्हणजे ते मराठीच असणार. पण त्यावर व्हिडिओवाल्याने, सगळेच करतात तसं, सिनेमातलं गाणं चढवलेलं. आवाज वाढवला की गाणंच वाढायचं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे कळत असूनही मी ते मागे नेऊन नेऊन लावत राहिलो. रागाने रडू आलं मला.

आई शेजारीच होती. मी तिला म्हटलं, "आई, हे बाबा."

तिने टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमचे वडील का?"

मला तिने जन्मात कधी अहो-जाहो केलं नव्हतं. मी हो म्हणालो. लग्न संपलं होतं आणि पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला होता. बाबा हसून कुणालातरी जेवायचा आग्रह करत होते. आई लक्ष देऊन ऐकत होती.

"माणूस गोड दिसतो," ती म्हणाली. "मराठी असते, तर दोन शब्द बोलले असते मी."